तळाशी दाबलेली घागर

परवा चहातलं दूध फाटलं आणि त्या वासासरशी मला आमच्या ऊसतोड टोळीच्या मुकडदमाचे, म्हणजे मुकादमाचे, व्याही आठवले. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून आमची टोळी ऊसतोडीला पार सुरतेपुढे, तापी समुद्राला मिळते तिथवर गेली होती. टँकरचं गोडं पाणी मुकडदम आपल्या टाकीत कुलपात ठेवायचा. आई तापाने फणफणली म्हणून मी तांब्याभर मागितलं, तर सगळ्यांदेखत म्हणाला, “इतली मोठी तापी वाही ऱ्हायनी, तठे जाईसन भर नं!” भरल्या भरतीचं ते खारं पाणी पिऊन आई ओकून ओकून अर्धी झाली. मग तिथल्या एका कोळणीने मला दाखवलं, की समुद्राचं खारं पाणी जड असतं, ते तळाने आत शिरतं आणि नदीचं गोडं त्याच्यावर राहतं. घागर वरच्यावर बुडवायची. पुढे मुकडदमाकडे नवे व्याही आले आणि नेमकी टाकी कोरडी पडली. “जाय, तापीनं पाणी लई ये,” तो मला म्हणाला. मी छातीभर पाण्यात शिरले आणि घागर पार तळाशी दाबली. त्या पाण्याचा चहा फाटला, तरी त्याने तसाच गाळून दिला. विहीणबाईंनी पहिलाच घोट अंगणात थुंकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. “तापीनंच पाणी शे,” मी म्हणाले. आता तो मुकडदम म्हातारा झालाय, आमच्याच गल्लीत राहतो. उन्हातून आला की मी त्याला तांब्याभर गोडं पाणी देते. तो आधी जिभेचं टोक लावून बघतो. तेवढं बघितल्याशिवाय मी दारातून हलत नाही.