विहिरीपर्यंतचा उजेड

बत्तीस वर्षं मी मुलांना प्रकाश शिकवला. आरसे, भिंगं, परावर्तन, सगळं. तरी शेतासाठी एक टॉर्च निवडायला मला महिना लागला, आणि त्या महिन्यात घरच्यांनी माझी जेवढी टिंगल केली तेवढी वर्गातल्या मागच्या बाकांनीही कधी केली नसेल. मी चिकित्सक माणूस आहे, हे आधीच कबूल करतो. वस्तू घ्यायची तर तिचं पुरतं पोस्टमॉर्टेम केल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

शेत म्हणजे काही जहागीर नाही. दरबारच्या नोकरीच्या गोष्टी आमच्याकडे पणजोबांपाशीच संपल्या. इंदूरपासून तासाभरावर सहा बिघे तेवढे उरले होते, ते वडिलांनी आम्हा दोघा भावांत निम्मे-निम्मे वाटले. विहीर एकच, ती धाकट्याच्या हद्दीत आली. धाकटा तिथे गावातच राहतो. मी इंदुरात, सुदामा नगरात, आणि निवृत्त झाल्यापासून हिवाळाभर दिवसाआड शेतावर.

पंपाची लाइट संध्याकाळी पाचला येते. पाच ते आठ पाणी माझं, आठनंतर त्याचं. मी माझ्या शेताच्या पार टोकाला वाफ्यावाफ्यात पाणी सोडत असतो आणि धाकटा विहिरीपाशी वॉल्व्ह सांभाळत असतो. माझं झालं की मी टॉर्च डोक्यावर धरून तीनदा लावायची, विझवायची. मग त्याने पाणी आपल्याकडे वळवायचं. ही रीत वडील आणि काकांपासूनची, ते कंदील हलवत असत. तिच्यात कोणी कधी तोंडाने न सांगितलेला एक नियमही होता. आपली पाळी चालू असताना विहिरीवर जायचं नाही. गेलं तर भावावर पहारा ठेवल्यासारखं होतं. मी एकदाही गेलो नव्हतो.

तीन हिवाळ्यांपूर्वी ओल्या बांधावरून माझा पाय घसरला आणि मनगट मोडलं. धाकट्याला मी सापडेपर्यंत पाऊण तास तिथेच पडून होतो. प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा शेतावर जाऊ लागलो, आणि नेमका तेव्हापासून माझा लसूण बिघडला. टोकाकडचे वाफे कोरडे राहायचे, पात पिवळी पडायची, गड्डे सुपारीएवढे निघायचे. पाणी शेवटपर्यंत पोचायच्या आत आठ वाजलेले असत. धाकटा म्हणे, "दादा, व्होल्टेजच कमी येऊन राहिलं आहे. विहीर पण खाली गेली." त्याचा गहू मात्र हिरवागार उभा होता. त्याचंही मी मनाशी कारण शोधलं, त्याची जमीन उताराला आहे वगैरे.

मी बियाणं बदललं. शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. माती तपासून आणली. माझा चष्मा दुरुस्तीला गेला होता म्हणून तो मातीचा रिपोर्ट मला बायकोनेच वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश. दोन वर्षं हात हलवत परत आल्यावर या दिवाळीला मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, की यंदाही लसूण साधला नाही तर माझे तीन बिघे धाकट्याला कसायला देईन आणि शेतावर जाणं बंद करीन. बोलताना रुबाबात बोललो, नंतर पस्तावलो. शाळा सुटली तशी मला सर म्हणून हाक मारणारी माणसं कमी होत गेली होती. त्या तीन बिघ्यांत मी अजून कामाचा होतो. ते गेले असते तर मी नुसता पेपर वाचणारा म्हातारा उरलो असतो, आणि त्याची मला भीती वाटत होती.

टॉर्च हा त्यातला शेवटचा उपाय. जुनीचा उजेड पिवळट झाला होता. कधी धाकट्याला इशाराच दिसला नाही असं तो सांगे, आणि टोकाला नीलगाई शिरल्या तरी पिकात तोंड घालेपर्यंत मला पत्ता लागत नसे. म्हणून लांब झोताची हवी होती. धाकटा फोनवर म्हणाला, "दादा, लंबीवाली नका घेऊ. फालतू डोळ्यावर येते. चौडी घ्या, पायाखालचं दिसेल." बायकोही अगदी तेच म्हणाली. त्या दोघांचं एवढं एकमत मी सत्यनारायणाच्या तारखेवरसुद्धा पाहिलं नव्हतं.

सराफ्यात तिचा पाटल्यांना पॉलिश करून घेण्याचा बेत होता, तो उरकून आम्ही मल्हारगंजातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर सात-आठ टॉर्च मांडल्या. "भिया, ये वाली दो किलोमीटर फेंकती है."

"दो किलोमीटर पे दिखेगा क्या, वो भी तो बताओ," मी म्हटलं.

"आप मास्टर हो क्या?" तो म्हणाला आणि हसला.

खोक्यावर जे मोठमोठे आकडे छापतात ते एकूण उजेडाचे असतात. तो उजेड लांब जाणार की जवळच पसरणार, हे आतली, बल्बामागची चकचकीत वाटी किती खोल आणि रुंद आहे त्यावर ठरतं. हे मी दुकानदाराला समजावलं, त्याने मान डोलावली आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी खोल वाटीची निवडली. बटण चिखलाच्या बोटांनी दाबलं जाईल एवढं मोठं, सेल काढून बदलता येणारा. बादलीत बुडवून दाखव म्हटलं, तर त्याने खरंच बुडवून दाखवली. तेवढ्यात बायकोने एक पसरट काचेची टॉर्च उचलून माझ्या पुढ्यात धरली.

"ही घ्या. पायापुरतं दिसलं की झालं. लांबचं बघून काय करायचंय तुम्हाला?"

मला तो तिचा नेहमीचा सूर वाटला. मी माझीच घेतली. संध्याकाळी गच्चीवरून मागच्या गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर झोत टाकून बघितला. टाकीवरचा गंजसुद्धा दिसला. शेजारच्यांनी खालून विचारलं, चोर पकडताय का. मी जाम खूश होतो.

चार दिवसांनी शेतावर गेलो. थंडी होती, साडेसहालाच मिट्ट झालं. सव्वासातला मी शेवटून तिसऱ्या वाफ्यावर होतो आणि पाटात पाणी करंगळीएवढं. यंदाही तेच, असं मनात आलं आणि खचायला झालं. इशारा नीट दिसतो की नाही ते बघावं म्हणून मी टॉर्च विहिरीकडे धरली. झोत माझ्या लसणावरून सरळ गेला आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवर थांबला. धाकट्याची लोकरी टोपी दिसली. झोत जरा डावीकडे सरकला तर त्याच्या गव्हात पाणी चमकत होतं. एका वाफ्यात नाही, ओळीने पाच-सहा वाफ्यांत. आठ वाजायला पाऊण तास होता.

मी घड्याळ बघितलं, पुन्हा झोत टाकला. धाकट्याने डोळ्यांवर हात धरला आणि लगबगीने वॉल्व्हवर वाकला. थोड्या वेळाने माझा पाट भरून वाहू लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळी चालू असताना आयुष्यात पहिल्यांदा मी विहिरीवर गेलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन साल." त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"माझी जमीन हवी होती तर तोंडाने मागायची."

"जमीन मला माझीच झेपत नाही, दादा. वहिनींना विचारा. त्याच म्हणाल्या होत्या."

"आणि पाणी तुझ्या गव्हात?"

"मग काय फेकून द्यायचं होतं?" तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"सांगितलं वाटतं भाऊजींनी," ती म्हणाली. "त्यांना बोल लावू नका. मीच म्हटलं होतं. यांच्याने शेत सोडवत नाही, तर शेतालाच यांना सोडू दे. पाणी थोडं कमी देत जा."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर थांबला असता तुम्ही?"

"नाही."

"मग?" तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तो पाऊण तास तुम्ही बांधावर होता. मी इथे फोन लावत बसले होते. पुन्हा तसं बसायची माझ्यात ताकद नाही."

धाकटा लोभी निघाला असता तर सोपं होतं. भांडलो असतो, तहसीलला गेलो असतो, विहिरीचे वाटे पाडून घेतले असते. पण ज्या बाईला मी निम्मं आयुष्य डोळे मिटून मानलं, ती माझ्या शेजारी बसून त्या मातीतला नत्र किती आणि पालाश किती ते मला वाचून दाखवत होती, आणि मातीला काही झालेलं नाही हे तिला ठाऊक होतं. मी स्वतःला दोष देत होतो तेव्हा ती चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, होतं असं एखाद्या वर्षी. मी म्हातारा झालो हे दोघांनी मिळून ठरवलं आणि मलाच तेवढं कळू दिलं नाही. माझ्या काळजीपोटी केलं, हे मला मान्य आहे. फसवलं, हेही तितकंच खरं आहे, आणि मी ते विसरू शकलेलो नाही.

त्या हंगामात लसूण अर्धाच आला, पण आला. जमीन मी दिली नाही. धाकटा आता वॉल्व्ह पुरता सोडतो, तरी मी पाळीच्या मध्येच एकदा विहिरीवर जाऊन बघतो. मी येताना दिसलो की तो मुकाट्याने बाजूला होतो.

परवा मी शेतावर जायला बूट घालत होतो तेव्हा बायको दाराशी आली.

"परत केव्हा येणार ते सांगून जात जा," ती म्हणाली.

"तू मला सांगितलं होतंस?"

मी जिना उतरलो. मी परत येईपर्यंत ती दाराकडे बघत बसून राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी फोन मुद्दाम घरीच ठेवून गेलो.