गावितसरांची पुढची परीक्षा

गावितसरांच्या टेबलावर एक जाड वही असायची. तिच्यात माहिती-सुरक्षेच्या परीक्षा कोणत्या क्रमानं द्याव्यात, याचे तक्ते. दर सोमवारी नवा तक्ता. आधी नेटवर्क की आधी हॅकिंग, ऑडिट मध्ये घ्यावं की शेवटी, यावर सरांनी जेवढा विचार केला तेवढा चोरांनीही चोरीवर केला नसेल. स्वतः मात्र त्यांनी एकच परीक्षा दिली होती, अगदी पहिली, पायाची. तीही तीनदा. सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षं, आणि पुढची परीक्षा ठरेपर्यंत हातातलं सर्टिफिकेट संपून जायचं.

मोखाड्याच्या बाजारात किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी खोडाळ्याहून जीपने यायची, आधी शिकायला, मग शिकवायला. मला शहरात सायबर सुरक्षेची नोकरी हवी होती. पायाची परीक्षा मी पास झाले होते. पुढची कोणती, एवढंच सरांनी सांगायचं होतं.

"घाई नको पोरी," सर म्हणायचे. "राब भाजल्याबिगर आवणी होते का?"

भाताचं बी पेरायच्या आधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, तो राब. रोपं लावायची ती आवणी. एकदा डबा घेऊन आलेल्या काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, हे ऐकलं. "तुमचा राब भाजून भाजून राख झाली," त्या म्हणाल्या. "आवणी कवा?" सरांनी ही सूचना गंभीरपणे घेतली आणि लगेच नवा तक्ता आखायला बसले.

अशी दोन वर्षं गेली. माझंही सर्टिफिकेट संपत आलं, तेव्हा सरांना न सांगता मी नाशिकला जाऊन नेटवर्क सुरक्षेची परीक्षा दिली. पास झाले, नोकरीही लागली. न सांगता गेल्याचं काय कारण द्यायचं, ते जुळवत पेढे घेऊन माडी चढले.

सरांनी पेढ्याला हात लावला नाही. वहीतलं एक पान काढून माझ्यापुढे सरकवलं. वर माझं नाव, खाली क्रम. पहिली पायाची, दुसरी मी देऊन आले तीच.

"हे कधी लिहिलंत?"

"गेल्या वरसाच्या होळीला. तुझा क्रम सोपा व्हता, एका बैठकीत झाला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगलं असतं तर तू गेली असतीस," सर खाली बघत म्हणाले. "हितं शिकवाया दुसरं कोण हाय?"

मला भयंकर राग आला. पेढे तिथेच टाकून मी निघाले आणि वर्षभर तो राग इमानेइतबारे पाळला.

आता पुढची परीक्षा निवडायची वेळ आली. कंपनीत सल्ला देणारे पाच, क्रम सहा. शेवटी परवा मोखाड्यालाच फोन लावला.

"हॅकिंग घे. ऑडिट मागून," सर एका दमात म्हणाले.

"आणि तुमचं, सर?"

"राब भाजतोय," सर म्हणाले.