एकाच नंबरची एकसष्ट माणसं

"सर, अडलं!"

बाईंचा फोन असा सुरू व्हायचा. हॅलो नाही, नमस्कार नाही. मी चंद्रपूरच्या एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहितो आणि बाई एटापल्लीला नोंदणी केंद्रात बसायच्या. डोळ्यांच्या मोफत ऑपरेशनसाठी गावोगावच्या म्हाताऱ्यांची माहिती त्या संगणकावर भरत. ती माहिती घेऊन पुढे पाठवणारी वेब सर्व्हिस माझी. कोणती माहिती द्यायलाच हवी आणि कोणती नसली तरी चालेल, हे मी चंद्रपुरात पंख्याखाली बसून ठरवलं होतं. नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल, सगळंच सक्तीचं. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी अख्खा अर्ज परत.

"काय अडलं, बाई?"

"तुमचं मशीन जन्मतारीख मांगून राह्यलं. आजी म्हंते, मोहफुलं पडत होते तवा झाली."

"मग एप्रिल धरा."

"अन् साल?"

मी कागदावर एक साल लिहिलं आणि खोडलं.

"आजीले मालूम नाई, तुमाले मालूम नाई, तं मशीनलेच काऊन पायजे?"

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. भांडत नाहीत, पण आपल्याला उत्तर देता येणार नाही असा प्रश्न नेमका विचारतात. बाई म्हाताऱ्यांशी गोंडीत बोलत, माझ्याशी आपल्या मराठीत आणि संगणकाशी हिंदीत. "चल बे, चल ना रे बाबा," असं फोनवरून ऐकू येई.

मग एकदा त्यांचे फोन एकदम थांबले. सर्व्हिस सुधारली, असं वाटून मी खूश झालो. दोन आठवड्यांनी साहेबांनी बोलावलं. एटापल्लीच्या यादीत एकसष्ट माणसांपुढे एकच मोबाइल नंबर होता.

"खोटी नावं आहेत," साहेब म्हणाले. "सगळी थांबवा. तुम्ही जाऊन बघून या."

ऑपरेशनचं शिबिर आठ दिवसांवर आलं होतं.

अहेरीला बस बदलून मी एटापल्लीला पोचलो. बाईंना पहिल्यांदाच पाहत होतो. ठेंगण्या, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, साडीखाली कॅनव्हासचे बूट. मी नंबर दाखवला. "हा कुणाचा?"

"माह्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचा फोनच टेबलावर ठेवला. "नंबर देल्याशिवाय तुमचं मशीन घेत नाई. यायच्यापाशी फोन नाई. मंग देला माह्या. अन् साल टाकलं अंदाजानं."

"एकसष्ट वेळा?"

"एकसष्ट लोकाइले दिसत नाई ना, सर."

त्यांनी एक वही उघडली. प्रत्येक नावापुढे गाव आणि निरोप कोणाच्या हाती द्यायचा ते लिहिलेलं. कुठे अंगणवाडीच्या ताई, कुठे बसचा ड्रायव्हर, कुठे बाजाराला येणारी सून. ऑपरेशनच्या तारखेचा मेसेज आला की बाई तो पुढे धाडत. मी बसलो असतानाच दारावरून कोंबड्या घेऊन चाललेल्या एकाला त्यांनी गोंडीत हाक मारली आणि त्याच्या सासऱ्याची तारीख तीनदा म्हणून घेतली.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "खोटं एकही नाही, साहेब. चूक माझी आहे. मी मोबाइल सक्तीचा ठेवायला नको होता." नावं मोकळी झाली.

"आता मोबाइल नसला तरी अर्ज जाईल," मी बाईंना म्हणालो. वाटलं, खूश होतील.

"अन् मंग निरोप कोनाले जाईन?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "अन् एक सांगा. नंबर नाई, अन् नंबर हाय पर मालूम नाई, हे एकच हाय का?"

माझ्या प्रोग्रामला दोन्ही एकच होतं, रिकामं. पण बाईंच्या दृष्टीने पहिल्याला निरोप नेणारा माणूस शोधून द्यायचा असतो आणि दुसऱ्याला बाजाराच्या दिवशी पुन्हा विचारायचं असतं. दुपारभर आम्ही एकेका रकान्यावर वाद घातला. जन्मतारीख नसेल तर अंदाजे वय. मोबाइल नसेल तर निरोप घेणाऱ्याचं नाव द्यायलाच हवं. शेवटी मी विचारलं, "सगळ्यांना सक्तीचं असं काय ठेवू?"

"नाव. नावाशिवाय हाक कशी माराची?"

शिबिराला मीही गेलो. पट्टी काढल्यावर एका आजोबांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि गोंडीत काहीतरी म्हटलं. सगळा हॉल हसला, बाई लाजल्या.

"काय म्हणाले?"

"म्हंते, आवाजावरून तं तू उंच वाटत होती."

गेल्या वर्षी यजमानांची बदली झाली आणि बाई तेलुगू मुलखाच्या सीमेवर, सिरोंचाला गेल्या. आता एटापल्लीला एक शांत गृहस्थ बसतात. त्यांचा फोन कधी येत नाही आणि त्यांच्या अर्जात एकही रकाना रिकामा नसतो. मला त्याचीच काळजी वाटते.

परवा जेवायला बसलो आणि फोन वाजला. सिरोंचाहून बाई. तिथल्या केंद्रात त्या नुकत्याच लागल्या होत्या.

"तेलुगू शिकून राह्यली, सर. इथी कोनाचं आडनाव एकाच अक्षराचं हाय. तुमचं मशीन म्हंते, लहान हाय, चालत नाई."

दोन अक्षरांचा नियम माझाच होता. "किती लोक आहेत?"

"बाहेर बसून हायेत. तुमी करा आरामात. मी चहा सांगते त्यायले."

मी डबा बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला.