व्हॉल्व्हवरचा आळ

लाकडाच्या वखारीत सव्वीस वर्षं करवत चालवणारा हा माणूस बोलायचा कमी, आणि बोललाच तर विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. म्हणून सगळे त्याला खर्ज्या म्हणत. वाद्यही त्याने स्वभावाला साजेसंच धरलं होतं, चार जाड तारांची बेस गिटार. गाणं चालू असताना तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ती थांबली की मात्र पायाखालची जमीन कुणी काढून घेतली असं वाटतं.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी सकाळी चौघांचा सराव चाले. गाणारी दवाखान्यातली नर्स, कीबोर्डवर शाळेतले चित्रकलेचे मास्तर आणि ड्रमवर खर्ज्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कुठे वाजवायचं, कुणाला घ्यायचं, हे मेहुणा ठरवायचा.

खर्ज्याचा जीव होता तो ॲम्प्लिफायरमध्ये. त्या जड पेटीच्या पोटात काचेचा एक व्हॉल्व्ह होता, जुन्या रेडिओत असायचा तसला. पेटी चालू केली की तो सावकाश तापून नारिंगी व्हायचा आणि तोवर खर्ज्या तारेला हात लावत नसे. त्या व्हॉल्व्हसाठी तीन बटणं होती. ड्राइव्हने व्हॉल्व्हला किती रेटायचं ते ठरे. ब्लेंडने रेटलेल्या आवाजात मूळचा स्वच्छ आवाज किती मिसळायचा ते ठरे. लेव्हलने तो सगळा मिळून किती मोठा करायचा ते. थोडं रेटलं की स्वराला ऊब येते, आणखी रेटलं की तो गुरगुरतो, आणि हाव धरली की फाटतो. खर्ज्या म्हणायचा, "व्हॉल्व्ह बैलासारखा असतो. पराणी नुसती दाखवायची, टोचायची नाही."

पेटी घरी आली त्या वर्षी आठ दिवस खपून त्याने तिन्ही बटणांची जागा शोधली होती. बायकोने आपल्या नखांच्या लाल रंगाचे तीन ठिपके तिथे दिले होते. वर्षानुवर्षं बटणं त्या ठिपक्यांवरून हलली नव्हती. पण गेल्या काही महिन्यांत ड्राइव्हचं बटण ठिपका ओलांडून पुढे पुढे सरकत होतं.

एका रविवारी मेहुण्याने गाण्याच्या मध्येच काठ्या खाली ठेवल्या.

"दाजी, गिटार वाजवताय की करवत? वखारीतलं काम इथे कशाला आणता?"

नर्स हसली. खर्ज्या हसला नाही. "व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. आवाज बोथट येतो, म्हणून रेटतोय."

"बोथट? माझ्या दाढा शिवशिवायला लागल्या! नाचता येईना अंगण वाकडं." मग चेष्टेचा सूर टाकून तो म्हणाला, "हे बघा दाजी, पुढच्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम आहे. तिथेही असंच झालं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. ताईला काय सांगायचं ते माझं मी बघीन."

दुसऱ्याच दिवशी वखारीतून सुटल्यावर खर्ज्याने पेटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला, वाजवून पाहिला आणि जुना हातात परत दिला. "नवा हवा म्हणालात म्हणून बसवला. पण हाही ठणठणीत आहे बरं का."

खर्ज्याने घरी येऊन पेटी लावली. व्हॉल्व्ह तापला. तार छेडली. आवाज तसाच, घोंगडीखाली दडपल्यासारखा. त्याने ड्राइव्ह वाढवला. मग आणखी वाढवला.

तेवढ्यात बायको अंगणातून धावत आली. "अहो, तीन शिट्ट्यांनंतर कुकर बंद करा म्हणाले होते ना?"

"एकच झाली की."

"सहा झाल्या! मला बाहेर मोजता आल्या." ती गॅस बंद करून आली आणि दारातच थांबली. तिने ड्राइव्हचं बटण मागे फिरवत लाल ठिपक्यावर आणलं. "आता वाजवा."

त्याने वाजवलं. "मेल्यासारखं वाटतंय."

"मला पहिल्या वर्षीसारखं वाटतंय," ती म्हणाली.

जुना व्हॉल्व्ह खिडकीत ठेवलेला होता. खर्ज्याने तो उचलून उजेडात धरला.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. मी पाठमोरी बोलले की तुम्ही नुसतं हं म्हणता. वखारीत कानांना लावायला दिलेलं ते वर्षभर गळ्यातच लोंबतं तुमच्या."

ते खरं होतं. लाकडात खिळा असला की करवतीचा आवाज बदलतो. तो ऐकू यावा म्हणून खर्ज्याने कान कधी झाकले नाहीत. ज्या कानांनी इतक्या जणांची बोटं वाचवली, त्यांना ऐकू येणारा वरच्या पट्टीतला सगळा आवाज करवतीने कधी कापून नेला, हे त्याला कळलं नव्हतं. तो व्हॉल्व्हवर आळ घेत बसला होता.

रविवारी सभागृह भरलं होतं. तिन्ही बटणं लाल ठिपक्यांवर होती. खर्ज्याला वाटत होतं, आपण भिजलेली गादी बडवतोय. तिसऱ्या गाण्यात हात आपोआप ड्राइव्हकडे गेला. बोटं बटणाला टेकली आणि त्याने ती मागे घेतली. मग त्याने टाच पेटीला लावली. हाडातून जेवढा आवाज येत होता तेवढ्यावर तो शेवटपर्यंत वाजवत राहिला. हा आवाज चांगला आहे की वाईट, हे त्या सबंध सभागृहात एकट्या त्याला माहीत नव्हतं.

माणसं पांगली. मेहुणा घाम पुसत आला. "दाजी, याला म्हणतात आवाज! शेवटी नवा व्हॉल्व्ह तो नवा व्हॉल्व्ह."

पुढच्या रांगेतून बायको बघत होती. खर्ज्याने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"व्हॉल्व्ह जुनाही चांगलाच होता," खर्ज्या म्हणाला. "माझे कान गेलेत."

मेहुण्याने विचारलं, "मग आज कसं वाजवलंत?"

"ठिपके बघून. पण खोली बदलली की ठिपका पुरत नाही. इथून पुढे बटणं तू लावायचीस. आणि ज्या दिवशी मी नको वाटेन, त्या दिवशी मलाच सांग. ताईला मध्ये घालू नकोस."

 मेहुणा खाली बसून वायर गुंडाळू लागला. व्हॉल्व्ह गरम असताना पेटी हलवायची नसते, म्हणून खर्ज्या तिच्या पाठीवर हात ठेवून ती निवायची वाट बघत थांबला.

मेहुणा पाठमोरा काहीतरी बोलला.

"हं," खर्ज्या म्हणाला.

मेहुण्याचे हात थांबले. तो उठला, वळून समोर आला आणि तेच पुन्हा सावकाश म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा लवकर या, दाजी. बटणं लावायला मला वेळ लागेल."