हुआ हिनच्या आजींना दिलेलं आमंत्रण

थायलंडमध्ये मी एका भुताला घरी यायचं आमंत्रण दिलं. तेही मजल्यासकट.

हसा. मीही हसलो असतो. या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त केतकीला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवून खिदळायला. अमावस्या, पिंपळ, उलटे पाय... म्हटलं, लोकांना अपचन होतं आणि नाव भुताचं. मी नास्तिकबिस्तिक नाही हो, तेवढा विचार करायचा आळस. कॅनडात, मिसिसागाला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझ्या आयुष्यातली अमानवीय गोष्ट म्हणजे सकाळचा हायवे.

तर झालं असं — बाबा गेले आणि आई सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटी उरली. एके काळी सोसायटीच्या मीटिंगा एकटीने गाजवणारी बाई, तिचं बोलणं हो, नको आणि बरं एवढ्यावर आलं. जेवण चिमणीचं. आईवडिलांना लांब मुक्कामाला आणायचा कॅनडाचा सुपर व्हिसा आल्याबरोबर मी आणि केतकी तिला आणायला गेलो. येताना थायलंडला थांबायची आयडिया अर्थातच माझी.

"आईला समुद्र दाखवू. मन रमेल."

"अरे, त्यांनी समुद्र पाहिलाय," केतकी म्हणाली.

पण मी ऐकतोय थोडाच! हुआ हिनला बुकिंग केलं. बँकॉकहून गाडीने जायचं, लांबलचक पांढरा किनारा, वाळूवर फिरवायला घोडे, संध्याकाळी बाजारात मासे भाजल्याचा धूर. आई सगळा मुक्काम रिसॉर्टच्या गॅलरीत बसून होती. समुद्राकडे पाठ करून.

रिसॉर्टच्या फाटकाशी खांबांवर एक छोटंसं लाकडी घर होतं. कौलं, जिना, सगळं बाहुल्यांच्या मापाचं. आत एक आजोबा आणि एक आजी, वीतभर उंचीचे. पुढ्यात झेंडूची माळ आणि लाल सोड्याची बाटली, स्ट्रॉ घालून. रिसेप्शनवरच्या बाईंनी समजावलं की ही जागा मुळात ज्यांची, त्या आत्म्यांना राहायला हे घर. म्हणजे ते मोठ्या इमारतीत येत नाहीत. मी म्हटलं, वा! मूळ मालकांचं पुनर्वसन, तेही जागेवर. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना कुठे एवढं मिळतं!

निघायच्या सकाळी आई आणि केतकी वर खोलीत आवरत होत्या. मी बॅगा घेऊन फाटकाशी एकटाच. टॅक्सी यायची होती. आता आपली सवय कशी असते बघा. कुणाकडून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आणि वर एक 'या एकदा आमच्याकडे' चिकटवून द्यायचं. समोरचा येत नाही याची खात्री असते म्हणून तर म्हणतो आपण! मी हात जोडले आणि विनोद म्हणून मोठ्याने बोललो, "येतो हं आजी-आजोबा. या एकदा मिसिसागाला. चौदावा मजला, लिफ्ट आहे. आईला तेवढीच सोबत होईल."

आसपास कोणी नव्हतं. असतं तरी मराठी कोणाला कळणार होतं?

कॅनडात उतरलो तेव्हा जानेवारी होता. आई बाल्कनीच्या काचेपाशी खुर्ची घेऊन बर्फ बघत बसायची. दोन घास खाऊन ताट सरकवायची. शब्दांत एका वाक्याची भर पडली होती, "मला सांगलीला सोड." तिथे सोडायचं म्हणजे कोणाच्या भरवशावर? आणि इथे ठेवायचं तर ती माझ्या डोळ्यांसमोर विरत चालली होती. कपडे तिच्या अंगावर कमी आणि हँगरवर जास्त शोभायला लागले.

एका दुपारी ऑफिसात केतकीचा फोन. ती घरूनच काम करते.

"आई हसतायत."

"मग चांगलंच आहे की!"

"अरे... कोणाशी तरी."

मी तसाच निघालो. घरी आलो तर डायनिंग टेबलवर वरण-भाताची दोन ताटं. आईने स्वतः कुकर लावलेला. तिचं ताट चाटूनपुसून स्वच्छ. समोरचं भरलेलं, आणि त्याच्याशेजारी रोझ सिरपचा ग्लास. स्ट्रॉ घालून.

"आई, कोण आलंय गं?"

"तूच बोलावलंस आणि मलाच विचारतोस?" बाबा गेल्यापासूनचं तिचं सर्वांत मोठं वाक्य. "लिफ्ट आहे, आईला सोबत होईल, म्हणालास म्हणे. आणि लिफ्टमध्ये बारानंतर एकदम चौदा, तेराचं बटणच नाही. बिचारी गोंधळली, जिन्याने आली."

माझ्या पाठीतून जे काही गेलं त्याला या सदरात 'सर्रकन काटा' म्हणतात. मी त्या शब्दांनाही हसायचो.

"आणि... आजोबा?"

"ते कसे येतील? घर कोण बघणार मग?"

"पण ती बोलते कोणत्या भाषेत?"

"बायका बोलतात त्या," आई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

मी केतकीकडे बघितलं. "तू सांगितलंस?" तर ती म्हणाली, "मला तरी तू सांगितलं होतंस का?" खरंच. मी तो विनोद कोणालाही सांगितला नव्हता. फारसा बरा झाला नव्हता म्हणून.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आईची स्मरणशक्ती तपासली. आईने कागदावर घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, सगळी उत्तरं बरोबर दिली. वार कोणता यावर मी मध्येच मदत करायला गेलो आणि चुकलो. डॉक्टर म्हणाले, त्या उत्तम आहेत, आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं.

मग वाळू. आईसमोरच्या खुर्चीच्या गादीवर, ओलसर, चिमूटभर. केतकी म्हणाली, फुटपाथवर बर्फासाठी टाकतात ती बुटांतून आली असेल. असेल. पण ती करडी, खडबडीत असते. ही पांढरी, मऊ होती, आणि तिच्यात शिंपल्याची कपची होती. शिवाय खुर्चीवर बुटांनी कोण बसतं?

शेवटी मी रिसॉर्टला मेसेज टाकला. फाटकाजवळचं ते घर फार आवडलं, एक फोटो पाठवाल का, असं काहीतरी. त्याच बाईंनी लगेच पाठवला. आजोबा उभे. आजी आडव्या. खाली लिहिलं होतं, सॉरी, हल्ली आजी रोज पडलेल्या सापडतात, उभ्या करतो, पुन्हा पडतात, सुतार बोलावलाय.

आता खरा मूर्खपणा ऐका. आई जेवत होती, बोलत होती, तिच्या गालांवर रंग आला होता. आणि मी घाबरलो. आज सोबतीला आलीय, उद्या आईला सोबत घेऊन गेली तर? केतकीलाही हेच वाटत होतं, पण ती म्हणाली, "हाकलायचं नाही. रीतसर पाठवणी करू." इंडियन ग्रोसरीतून नारळ आणला, ब्लाउजपीस काढलं. आई अंघोळीला गेली तेव्हा केतकीने रिकाम्या खुर्चीची ओटी भरली. भर दुपारी, चौदाव्या मजल्यावर, लॅपटॉपवर मीटिंग म्यूट करून.

"आता तू निरोप दे. आणि 'पुन्हा या' म्हणू नकोस हं!"

"मग काय म्हणू?"

पाहुण्याला जा आणि येऊ नका हे चांगल्या शब्दांत सांगायची पद्धतच आपल्यात नाही. आपल्यात तर मंडळी दारात अर्धा तास उभी राहतात. शेवटी मी घसा खाकरून म्हणालो, "बरं... जा आता तुम्ही."

काहीच झालं नाही. मला वाटलं, जमलं.

आई केस पुसत बाहेर आली. खुर्चीकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. जाऊन काचेपाशी बसली, बाहेरच्या बर्फाकडे पाठ करून.

त्यानंतरचे दिवस मला लिहिताही येत नाहीत नीट. ती चिमणीचा घासही घेईना. हो, नको, बरं तेही गेलं. सांगलीला सोड म्हणायचीही थांबली, आणि ते ऐकायला मी तडफडत होतो. डॉक्टर म्हणाले, दुःखाला वेळ लागतो. असंच चाललं तर अ‍ॅडमिट करावं लागेल. मी भात कालवून तिच्यापुढे बसायचो, एक घास, बाबांसाठी एक घास, आणि ती माझ्या आरपार कुठेतरी बघायची. केतकी वॉशरूममध्ये जाऊन रडायची. नळ सोडून, मला ऐकू येऊ नये म्हणून.

मग मी बाल्कनीत उभा राहायला लागलो. वजा वीसमध्ये, पार्का म्हणजे बर्फातला जाड कोट घालून, हातात रोझ सिरपचा ग्लास. थायलंड नक्की कुठल्या दिशेला हे कळेना, म्हणून गोल फिरून चारी दिशांना बोलायचो. "आजी, चुकलो. या हो. राहायलाच या." शेजारच्या बाल्कनीतले पंजाबी अंकल बघत होते. "सब ठीक है, बेटा?" "हां जी, मेहमान बुला रहा हूँ." ते आत गेले आणि पडदा ओढला. सिरपचा बर्फ झाला. कोणी आलं नाही.

मी अगदी हरलो होतो, मंडळी. देवाला काही मागायची सवय नाही, आणि भुताला दुखावून बसलेलो.

अ‍ॅडमिट करायचं ठरलं त्या सकाळी मी आईची बॅग भरत होतो. केतकी धावत आली, ओठांवर बोट ठेवून. आईच्या खोलीतून आवाज येत होता. आईचाच. कोणाला तरी पोळ्या कशा मऊ राहतात ते सांगत होती. मग हाक आली, "केतकी, दोघींना पोळ्या टाक गं. भूक लागलीय."

आता पुन्हा जेवते. वजन वाढलंय. खुर्चीवरची वाळू मी स्वतः झाडतो, काही न बोलता. हे काय आहे ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही, केतकीलाही नाही. आईचा व्हिसा संपेल तेव्हा कोण कुठे जाणार, तेही माहीत नाही. कोणी मला समजावायचा प्रयत्नही करू नका, मी सगळं करून पाहिलंय.

एकच गोष्ट मला खात होती. मी खोलीत गेलो की दोघींचं बोलणं एकदम थांबायचं. परवा धीर करून आईच्या पायाशी बसलो. म्हटलं, "आई, त्या माझ्यावर अजून रागावल्यात का गं? माफी मागू का परत?"

"रागावली वगैरे काही नाही," आई पोळीचा तुकडा मोडत म्हणाली. "तू आलास की तिला कंटाळा येतो. मलाही येतो."