चिमट्यावरची सहा भोकं

माझे पाय लांब आहेत. बाजारातली कुठलीही सायकल घेतली तरी गुडघे हँडलला लागायचे, आणि सीट वर ओढून ओढून शेवटी वाकायची. घरात असे उंच आम्ही दोघंच, मी आणि माझा मोठा भाऊ. भाऊ मोहाडीला घरच्या मागावर साड्या विणायचा. मी साकोलीजवळच्या एका शाळेत मास्तर. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सायकल काढायची आणि जंगलाच्या कडेकडेने निघायचं, एवढीच चैन होती. म्हणून एका दिवाळीच्या आधी मी ठरवलं की मापाची फ्रेम करून घ्यायची.

भंडाऱ्यात एक मिस्त्री होते. घराणं पितळेची भांडी करणारं. पण तरुणपणी ते पंजाबात सायकलच्या कारखान्यात बारा वर्षं राहून आले होते. भांडी करता करता वर्षाकाठी तीन-चार फ्रेमा बनवायचे. पोलादी नळ्या मापाने कापायच्या, एकमेकींत बसवायच्या आणि सांध्यात वितळलेलं पितळ भरायचं. पितळ सांध्यात शिरताना ते डोळे बारीक करून एका बाजूने बघत राहायचे. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी मापं घेतली आणि फरशीवर खडूने फ्रेम काढली.

"आता सांगा गुरुजी, कुठं कुठं काय लावाचं आहे? नंतर मले म्हणू नका की हे राहिलं. रंग झाल्यावर मी हात लावत नसतो."

मी कागदावर यादी करून नेली होती. पाण्याच्या दोन बाटल्यांचे बोल्ट. पंप अडकवायला खालच्या नळीवर खुंटी. मागे कॅरिअरसाठी कान. मडगार्ड आणि चाक यांच्यात भरपूर जागा, कारण आमच्याकडे धानाच्या बांध्यांतला चिखल एकदा चाकाला बसला की चाक फिरत नाही. मिस्त्री प्रत्येक गोष्टीवर थांबायचे. बाटली उजव्या हाताने काढता की डाव्या? कॅरिअरवर जास्तीत जास्त काय नेणार? मागच्या कानांसाठी त्यांनी साधा पत्रा बाजूला सारला आणि जाड पट्टीतून दोन कान कापून दाखवले. लाकडी पेटीतून दिव्याची एक कडी काढली, नखाने वाजवली, परत पेटीत टाकली. "ही नको. हिचा आवाज बसका आहे."

शेवटी मी मोबाईल पुढे केला. पुण्याकडच्या कुण्या सायकलवाल्याचा फोटो होता. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या. चिमट्याच्या प्रत्येक पायावर मधोमध तीन-तीन बोल्ट.

"हे पाहिजे," मी म्हणालो.

मिस्त्रींनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून.

"हे नाही होणार."

"काहून?"

"त्याचा चिमटा त्याच कामासाठी बनवला आहे, जाड नळीचा. माझ्याजवळ चिमट्याची नळी आहे ते पातळ. मधात छेद पाडला आन् त्याच्यावर वजन टांगलं, तर ब्रेक मारला की सारा जोर तथीच जाते. तुम्हाले पुढं सामान नेयाचं आहे ना? मी पुढचं कॅरिअर बनवून देतो. खाली चाकाच्या आसावर टेकन, वर चिमट्याच्या डोक्यावर. वजन टोकांवर द्या गुरुजी, मधात नको."

मी मान हलवली. पुढचं कॅरिअर मला जुन्या दूधवाल्याच्या सायकलीसारखं वाटत होतं, पण तसं म्हणालो नाही. "मग राहू द्या, पुढं काहीच नको," एवढंच बोललो. त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी खडूने चिमट्यावर एक लांब सरळ रेघ मारली.

दोन महिन्यांनी सायकल हातात आली. गडद हिरवी. बसलो तेव्हा पाय पहिल्यांदा पूर्ण लांब झाले. आठ दिवस मी सुखात होतो. नवव्या दिवशी परत तो फोटो पाहिला.

साकोलीत हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या जोडणारा एक वेल्डर बसायचा. मी सायकल त्याच्याकडे नेली. त्याने काही विचारलं नाही. कुठे पाहिजे तेवढं दाखवायला सांगितलं. मी पेन्सिलीने सहा खुणा केल्या, तीन या पायावर, तीन त्या. त्याने भोकं पाडली, नट बसवले आणि ट्रकला लावतो तसा करंट लावून ते डागले. हिरवा रंग फुगून काळा पडला. एका जागी नळी लाल होऊन आत बसल्यासारखी वाटली. मी वाकून पाहिलं. "काही नाही होत," तो म्हणाला. मीही मनात तेच म्हणालो. घरी येऊन हिरव्या रंगाचे दोन हात दिले. वरून डाग दिसत नव्हता.

महिन्याभराने ब्रेक घट्ट करायला भंडाऱ्याला गेलो. जावंच लागलं, कारण ब्रेक दुसऱ्या कुणाला जमत नव्हते. मिस्त्री सायकलीभोवती फिरले आणि पुढे येऊन थांबले. माझ्या रंगावरून अंगठा फिरवला. मग चिमट्यावर टिचकी मारली, डाव्या पायावर, उजव्या पायावर. दोन्हींचा आवाज सारखा नव्हता. तो फरक मलाही कळला.

"ही चालवू नका," ते म्हणाले. "इथंच ठेवा. मी दुसरा चिमटा बनवून देतो. महिना लागन."

"सुट्टीत घेऊन येतो," मी म्हणालो.

"गुरुजी, मी सांगून राहिलो."

"हो हो. सुट्टीतच."

आणि मी त्याच सायकलीवर बसून निघालो. ते दारात उभे राहून बघत होते, हे मला मागे न पाहताही कळत होतं.

त्यानंतर आवाज सुरू झाला. ब्रेक दाबला की पुढून एक बारीक टक. रोज नाही. कधी दोन दिवस यायचाच नाही, आणि मग गाव मागे पडलं की सागाच्या झाडांमध्ये एकदम ऐकू यायचा. मी बोल्ट आवळले, मडगार्ड काढून परत लावलं. चिमट्याकडे मात्र पाहिलं नाही. उतारावर मी ब्रेक हळू धरायला लागलो, आणि असं का करतो ते स्वतःला विचारायचं टाळलं.

माघात एका शनिवारी मी सायकलीने मोहाडीला गेलो. रविवारी संध्याकाळी बसने परतायचं ठरलं, कारण गुडघा दुखत होता. भाऊ म्हणाला, "मंग सायकल दोन दिवस राहू दे इथं. करडीकडे लग्नाच्या साड्या पोचवाच्या आहेत. माझ्या सायकलीवर त इतका लंबा रस्ता होत नाही."

मी तेव्हा नाही म्हणू शकलो असतो. ब्रेक बिघडला आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याने कारण विचारलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "ने ना." एवढंच नाही. साड्यांचे दोन गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिमट्याच्या दोन्ही बाजूंना मीच बांधून दिले. पट्टे ओढून पाहिले. भावाला फार कौतुक वाटलं. "वा! काय सोय केली रे!" तो म्हणाला.

सोमवारी मी चौथीच्या वर्गात होतो. वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भंडाऱ्याच्या दवाखान्यात ये."

सकाळी धुकं होतं. करडीच्या अलीकडे रस्ता एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, चढतो आणि पलीकडे एकदम उतरतो. उतारावर समोर बैल आले. भावाने ब्रेक मारला आणि चिमट्याचे दोन्ही पाय मधोमध तुटले. तो तोंडावर पडला. हनुवटी फाटली, दोन दात गेले आणि उजव्या मनगटाचा चुरा झाला. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घातली. नंतर सांगितलं की हाड जुळेल, पण बोटं पूर्ण मिटणार नाहीत. त्याच हाताने तो मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची मूठ ओढायचा. दिवसातून हजार वेळा तरी ओढत असेल.

मिस्त्रींना कुठून तरी कळलं. भाऊ घरी आल्यावर ते बसने मोहाडीला आले. तुटकी सायकल अंगणात भिंतीला टेकवलेली होती. ते उकिडवे बसले आणि तुटलेलं टोक हातात घेतलं. नखाने माझा रंग खरवडला. खालचा काळा डाग दिसला, आणि भोकातून निघून नळीभोवती गेलेली चीर. चिरेचा अर्धा भाग गंजलेला होता. म्हणजे ती जुनी होती.

वहिनी दारात आली. "तुमच्या हातची सायकल, मिस्त्री. माणूस गेला असता माझा."

मी खांबाजवळ उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"होय बाई," ते म्हणाले. "सायकल माझ्याच हातची आहे."

चहा न घेता ते गेले. मी त्यांना बसपर्यंत सोडायलाही गेलो नाही.

पंधरा दिवस मी गप्प राहिलो. शाळेत फळ्यावर लिहिताना मधेच थांबायचो. मोहाडीत आणि भंडाऱ्यात बोलणं पसरलं की मिस्त्रीची फ्रेम तुटते. गोंदियाच्या एका रेल्वेवाल्याने अर्धी झालेली फ्रेम नको म्हणून कळवलं. हे मला दुसऱ्या मास्तरांकडून कळलं, चहा पिताना.

त्या रविवारी मी भावाजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. वेल्डर, सहा भोकं, मिस्त्रींनी केलेली मनाई, माझा रंग. तो छताकडे पाहत ऐकत होता.

"आवाज येऊन राहिला होता," तो म्हणाला. "पाळीच्या कितीतरी आधीपासून. मी उतरून पाहिलं बी. मंग वाटलं, तुझी नवी वस्तू आहे, माझ्या हातून काही खोललं-बिघडलं तर तुले वाईट वाटन. म्हणून तसाच बसलो."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"तुझ्या वहिनीले तूच सांग," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

वहिनीला सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती माझ्याशी थेट बोलली नाही. जेवायला बोलवायचं तर भावाला म्हणायची, "त्यांना म्हणा, वाढलं आहे."

मिस्त्रींकडे गेलो तेव्हा ते पाणी भरायच्या एका पितळी गुंडाच्या काठावर हातोडी मारत होते. मी घरी सगळं सांगितल्याचं म्हणालो. त्यांनी हातोडी थांबवली नाही.

"बरं केलं. पण गुरुजी, त्या दिवशी अंगणात मी तुमच्यासाठी थांबलो होतो. चपला घालताना बी थांबलो."

फ्रेमा बांधायची त्यांची चौकट भिंतीवरून उतरवलेली होती. तिच्या जागी चार खिळे आणि एक फिकट चौकोन होता. मी विचारलं तेव्हा म्हणाले, डोळे बी आता साथ देत नाहीत. ते खरं असेल किंवा नसेल. त्यांनी परत फ्रेम बांधली नाही.

उन्हाळ्यात मात्र ते एकदा मोहाडीला येऊन गेले, मी नसताना. भावाचा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी बोटं किती मिटतात ते पाहिलं, आणि आठ दिवसांनी धोट्याच्या दोरीला लावायला एक पितळी आकडा पाठवला. मूठ न वळता ओढता यावा असा. भाऊ तो लावून अर्धा तास विणतो, मग मनगट सुजतं. उरलेला दिवस वहिनी मागावर बसते. आताशा ती मला नावाने हाक मारते. मी भंडाऱ्याला गेलो की मिस्त्रींच्या गल्लीवरून जातो, पण दाराशी थांबायला अजून जमलेलं नाही.