विजयच्या शब्दांवर कोणी अपडेट दाबू नका

आज सकाळी विजयला चार शिव्या द्यायला फोन लावला.
फोन त्याच्या लहान भावाने उचलला.

"दादा नाही राह्यला, भाऊ."

मी म्हणालो, "थट्टा नको करू बे, त्याला फोन दे."

पलीकडून रडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

सकाळी दूध घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवली. "छातीत कसंतरी होऊन राह्यलं," म्हणाला आणि खाली बसला. दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

माझ्या वर्गातला होता यार. हे काय जायचं वय आहे?

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. विजय म्हणजे आमच्या कळंबचा, शाळेपासूनचा दोस्त. पोटापाण्यासाठी कृषी केंद्र. नाद मात्र एकच, लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवायची वेगळी सिस्टिम. कोणाचा कॉम्प्युटर म्हातारा झाला म्हटलं की हा पेन ड्राइव्ह घेऊन हजर.

आमचाही मी भंगारात काढायला निघालो होतो. नवीन सिस्टिम त्यात मावत नव्हती आणि जुनी आता सुरक्षित नाही म्हणून रोज ओरडत होती.

"भंगारात कायले देतं बे? जीव हाय त्याच्यात अजून. फुकटचं टाकून देतो."

"फुकटचं म्हणजे चोरीचं?"

"नाही बे. लोकायनं लोकायसाठी बनवेल हाय. उघडून पाह्य, बदल, दुसऱ्याले दे. कोणी काही म्हणत नाही."

टाकलं. भाषा मराठी केली. कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला, मी खूश.

आईने चष्मा लावून पडदा वाचला. 'कृपया प्रतीक्षा करा.'

"हे काय तहसील हाय काय रे?"

विजय पोट धरून हसला. मग खुर्ची पुढे ओढली. "काकू, थांब. हे सारं बदलता येते. तू कसं म्हणशीन, सांग."

तो अख्खा रविवार दोघं बसून होती. आई सांगायची, हा टाइप करायचा. मध्ये चहा, मध्ये भांडण.

तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर चालू झाला की लिहून यायचं, "उठलो काकू. थांब जराशी, तोंड धुतो."
पासवर्ड चुकला की, "हे नाही वो. अजून एकदा पाह्य."
वेळ लागला की, "करून राह्यलो न, घाई कायले करतं?"
कचऱ्याच्या डब्याचं नाव उकिरडा.

माऊसला हात लावायला भिणारी माझी आई त्यावर पत्ते खेळायला लागली. पुण्याच्या नातीला स्वतः व्हिडिओ कॉल लावायला लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "विजय सांगते न आतून."

मग त्याला हा चस्काच लागला. ज्याच्या घरी लिनक्स टाकायचा, त्या घरच्या माणसांना विचारून त्यांच्या बोलीत शब्द भरायचा. प्रत्येक घरचं वेगळं. घाटंजीकडे एका तांड्यावर तर तिथल्या आजीला विचारत विचारत बंजाऱ्यांच्या गोरबोलीत करून दिलं.

एकच भानगड होती. अपडेट केलं की नवीन फाइल येते आणि याचे शब्द पुसले जातात. मला त्याने बजावून ठेवलं होतं, "विचारलं त आधी मले फोन कर."

आणि त्या अपडेटच्या चौकटीत या शहाण्याने काय लिहावं?
"काकू, नवीन पाव्हणे आले. घेऊ का आत?"

आज सकाळी ती चौकट आली. आईने 'हो' दाबलं.

मी ओरडलो तर म्हणाली, "दारात पाव्हणे आले म्हणते, त नाही कसं म्हनाव?"

थोड्या वेळाने पडद्यावर आलं, 'प्रणाली अद्ययावत करण्यात आली आहे.'

आई बघतच राहिली. "हे कोण बोलून राह्यलं?"

मागेही एकदा असं झालं होतं. तेव्हा विजयने येऊन हसत हसत पुन्हा सगळं टाइप केलं होतं. म्हणूनच फोन लावला. "असा प्रश्न माझ्या आईला विचारतात का रे गाढवा?" म्हणणार होतो.

दुपारी सगळं उरकलं. आई आणि मी त्याच्या घरी होतो. वहिनी रडत नव्हत्या, नुसत्या दाराकडे बघत होत्या. मला पाहिलं आणि जवळ आल्या.

"भाऊजी, तुमच्या घरी हे कम्प्युटरमंदी बोलतेत न? मले एकदा दाखवा न."

मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या लॅपटॉपमध्ये असेल ना."

"नाही. मी म्हटलं होतं, आपल्यातबी टाका. त म्हने, मी घरी बोलतोच न तुझ्यासंगं, डबल कायले?"

भावाने लॅपटॉप उघडून दाखवला. खरंच काही नाही. साधा, छापील, जगात कुठेही असतो तसा.

माझ्या घरचे त्याचे शब्द आज सकाळीच पुसले गेलेत, हे या बाईला कसं सांगायचं?

आईने वहिनींचा हात धरला. "दाखवतो न, माय. दाखवतो."

म्हणून ही पोस्ट.

कळंब, राळेगाव, घाटंजी, कुठेही असा. तुमच्या घरी विजयने लिनक्स टाकून दिलं असेल तर हात जोडून सांगतो, आज काहीही विचारलं तरी 'हो' म्हणू नका. अपडेट बंद ठेवा. पडद्याचे फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. मी स्वतः येतो, कॉपी करून नेतो.

लवकर सांगा. कोणाच्या घरची आई कधी 'हो' दाबेल, नेम नाही.

विजय, किती घरांत बोलता ठेवून गेलास रे स्वतःला. आणि तुझी बायको आज लोकांच्या घरी तुझं बोलणं मागते आहे.

तुझ्या नावापुढे श्रद्धांजली लिहायला हात होत नाही.
तरी लिहितो. श्रद्धांजली, दोस्ता.